जखम भरते, स्वभावाचं काय? मेंदूच्या दुखापतीनंतर पेशंटचं आणि घरच्यांचं मन सांभाळताना

डिस्चार्जच्या दिवशी हातात पडणाऱ्या कागदांवर गोळ्यांच्या वेळा असतात, टाके कधी काढायचे ते असतं, फिजिओचा नंबर असतो. घरी आलेला माणूस पाण्याचा ग्लास उशिरा मिळाला म्हणून तो भिंतीवर का फेकेल, टीव्हीवरच्या साध्या प्रसंगाला हुंदके देऊन का रडेल किंवा दिवसभर छताकडे बघत का पडून राहील, याबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते. मग घरचे आपापल्या परीने अर्थ लावतात. आजारपणाने लाडावलाय, मुद्दाम करतोय, सगळा राग आमच्यावरच काढतोय.

१९८०च्या दशकात ग्लासगोमधल्या संशोधकांनी डोक्याला गंभीर मार लागलेल्या लोकांच्या नातेवाईकांना वर्षभराने आणि पुन्हा पाच वर्षांनी गाठून विचारपूस केली. कुटुंबांना सगळ्यात जड गेला तो बदललेला स्वभाव. लुळा पडलेला हात-पाय त्यामानाने सुसह्य होता. आणि पाच वर्षांनी हा भार हलका होण्याऐवजी वाढलेला होता.

'धीर धरा', 'सकारात्मक राहा' हे सांगायला पाहुणे येतातच, त्यामुळे इथे ते पुन्हा सांगत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मेंदूच्या दुखापतीतला राग, रडू आणि सुन्नपणा समजूत घालून फारसा हलत नाही, कारण समजावलेलं लक्षात ठेवायचं आणि ऐन वेळी आठवून स्वतःला आवरायचं, हे काम करणारी यंत्रणाच जखमी झालेली असते. दिवसाची आखणी बदलली, खोलीतला गोंगाट कमी झाला, प्रश्न विचारायची पद्धत बदलली की मात्र फरक दिसतो. काळजी घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे. 'स्वतःकडे लक्ष दे गं' या वाक्याने कुणाची झोप पूर्ण झालेली नाही. रात्रीची पाळी दुसऱ्याने घेतली की ती होते.

अपघात आणि पडणं डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. पण पक्षाघात, मेंदूतला रक्तस्राव, गाठीची शस्त्रक्रिया, मेंदूज्वर किंवा ऑक्सिजन कमी पडून झालेली इजा, यांतल्या घरांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पायरी १: दुखापत नेमकी कुठे झाली, ते विचारून घ्या

'ऑपरेशन छान झालं' आणि 'स्कॅन आता बरा आहे' एवढ्यावर घरी जाऊ नका. डॉक्टरांना चार गोष्टी विचारा आणि उत्तरं लिहून घ्या: मेंदूच्या कुठल्या भागाला इजा झाली? दाखल केलं तेव्हा ग्लासगो कोमा स्केलवर किती गुण होते? नवीन आठवणी पुन्हा साठायला किती दिवस लागले? फिट आली होती का?

ग्लासगो कोमा स्केल ही पेशंट किती शुद्धीत आहे याची, ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली मोजणी. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण असतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा त्याखाली गंभीर. मात्र हा आकडा सुरुवातीच्या तासांचा आहे. पुढे माणूस कसा होईल याचं भाकीत त्यावर एकट्यावर करता येत नाही.

तिसरा प्रश्न घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. शुद्धीवर आल्यानंतर काही दिवस, कधी काही आठवडे, पेशंट बोलतो, माणसं ओळखतो, पण त्या काळातलं त्याच्या डोक्यात काहीच साठत नाही. हा काळ एका आठवड्याहून जास्त लांबला तर दुखापत गंभीर धरतात. याच दिवसांत तो नळ्या ओढतो, शिव्या देतो, सख्ख्या भावावर चोरीचा आळ घेतो. तो तेव्हा काय बोलला याचा हिशेब मनात ठेवू नका; त्याच्या बाजूने तो प्रसंग घडलेलाच नाही.

आता जागेविषयी. कपाळामागचा भाग दोन कामं करतो: आवर घालतो आणि सुरुवात करून देतो. त्यामुळे तिथे मार लागला की एक जण तोंडाला येईल ते बोलतो आणि दुसरा सांगितल्याशिवाय अंथरुणातून उठत नाही. दोघांची दुखापत एकाच भागातली असू शकते. कानशिलाच्या आतल्या भागाला इजा झाली तर स्मरणशक्ती आणि भावना दोन्ही डळमळतात. आणखी एक: जोराच्या हिसक्याने मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, तुटतात, आणि ही इजा साध्या सीटी स्कॅनवर अनेकदा दिसतच नाही. त्यामुळे 'रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग असा का वागतो?' या प्रश्नाला अर्थ नाही.

वैद्यकाच्या इतिहासातलं याचं गाजलेलं उदाहरण फिनिअस गेज. १८४८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्मॉन्टमध्ये रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना लोखंडी पहार त्याच्या गालातून घुसून कवटीबाहेर निघाली. तो वाचला, पण त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदवलं की माणूस बदलला: उतावळा, शिवराळ, ठरवलेलं तडीस न नेणारा. गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात. प्रत्यक्षात गेजने नंतर चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम केलं. रोज तीच वाट, त्याच वेळा, तेच घोडे. ठरीव दिनक्रमानेच त्याला सावरलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला या गोष्टीतला हा उत्तरार्ध पहारीपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

पायरी २: स्वभावाला दोष देण्याआधी शरीर तपासा

दुखणं, बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, अर्धवट झोप, कमी झालेलं ऐकू येणं, दुहेरी दिसणं. ज्याला नीट सांगता येत नाही त्याच्याकडून हे सगळं चिडचिड होऊनच बाहेर येतं. म्हणून वागणं अचानक बिघडलं की आधी ही यादी तपासा.

यात दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली, फिटची औषधं. लेव्हेटिरासिटाम हे डोक्याच्या दुखापतीनंतर सर्रास दिलं जाणारं औषध आहे आणि चिडचिड, संताप, उदासी हे त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. औषध सुरू केल्यानंतर किंवा डोस वाढवल्यानंतर स्वभाव बिघडला असेल तर ती तारीख डॉक्टरांना दाखवा. औषध बदलता येतं. पण आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. फिटचं औषध एकदम तोडलं तर मोठी फिट येऊ शकते.

दुसरी, हार्मोन. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीलाही मार लागलेला असू शकतो. मग थायरॉइड, कॉर्टिसॉल वगैरेंची पातळी घसरते आणि माणूस मरगळलेला, थकलेला, उदास दिसतो. हे नैराश्यच आहे असं समजून महिनोन्‌महिने उपचार चालू राहतात. मरगळ हटतच नसेल तर रक्ताच्या या तपासण्या करायच्या का, हे स्वतःहून विचारा.

वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, नव्याने आलेला अशक्तपणा, तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यांपैकी काहीही दिसलं तर वागणुकीचा विचार बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठा. कवटीखाली सावकाश साचणारं रक्त किंवा मेंदूतल्या पाण्याचा वाढलेला दाब आठवड्यांनंतरही डोकं वर काढू शकतो.

पायरी ३: एक वही घाला

मोबाईलमध्ये नको, साधी वही. घरातल्या कुणालाही लिहिता आली पाहिजे. प्रत्येक भडक्यानंतर चार गोष्टी लिहा: वेळ, आधी काय चाललं होतं, काय झालं, कशाने निवळलं. मतं लिहायची नाहीत. 'विनाकारण चिडला' ही नोंद कुठल्याच उपयोगाची नाही. उपयोगाची नोंद साधारण अशी असते:

'मंगळवार, सं. साडेसहा. टीव्ही चालू, धाकटीचा ऑनलाइन क्लास, काका-काकू आलेले. फिजिओ साडेचारला संपला, नंतर आडवा झाला नाही. मी विचारलं, आत्ता जेवणार की थोड्या वेळाने? उत्तर नाही. परत विचारलं. काका म्हणाले, अरे ती विचारतेय ना! ताट ढकललं, शिवी दिली. आतल्या खोलीत नेलं, दिवा घालवला. वीस मिनिटांत शांत. नंतर विचारलं तर आठवत नाही.'

या सात-आठ ओळींत दोषी कोण ते शोधू नका, साखळी पाहा. व्यायामानंतर विश्रांती नाही, तीन आवाज एकाच वेळी, उत्तर जुळवायला वेळ न देता दुसऱ्यांदा प्रश्न, आणि वर चारचौघांत टोकणं. दोन आठवडे वही भरली की तीच साखळी पुन्हा पुन्हा दिसू लागते. मग ती पहिल्याच कडीला तोडता येते: फिजिओनंतर अंधाऱ्या खोलीत अर्धा तास, आणि पाहुणे सकाळीच.

वहीचा आणखी एक फायदा आहे. 'रोजच असं करतो' असं वाटत असताना नोंदी आठवड्यातून तीनच निघतात. किंवा उलटंही होतं.

पायरी ४: दिवस त्याच्या मेंदूच्या बेताने आखा

मेंदूच्या दुखापतीतला थकवा झोप काढून जाणारा नसतो. पूर्वी आपोआप होणाऱ्या गोष्टींना, म्हणजे संभाषणाचा धागा धरणं, गर्दीतून वाट काढणं, सदऱ्याची बटणं लावणं यांना, आता मुद्दाम लक्ष द्यावं लागतं. ते लक्ष संपलं की माणूस एकतर भडकतो नाहीतर मिटून जातो. म्हणून विश्रांती थकल्यावर नव्हे, थकायच्या आधी. वीस-तीस मिनिटांचं काम, मग शांतता. अवघड गोष्टी, म्हणजे थेरपी, आंघोळ, कागदपत्रांवर सह्या, दिवसातल्या त्याच्या चांगल्या वेळेला. बहुतेकांची ती सकाळ असते, पण वही सांगेल ते खरं.

बोलताना टीव्ही बंद. एका वेळी एकच माणूस, एकच वाक्य. 'आज काय करूया?' हा प्रश्न त्याला भिंतीसारखा वाटतो. 'आधी चालायचं की आधी आंघोळ?' हे पेलतं. विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा आणि मगच पुन्हा विचारा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, पण बरीचशी उत्तरं सातव्या-आठव्या आकड्याला येतात.

भिंतीवर पांढरा फळा लावा: आजचा वार, तारीख, आज घरी कोण आहे, पुढे काय आहे. मोबाईलचे गजर लावा. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तर 'मघाशीच सांगितलं ना' म्हणण्याऐवजी फळ्याकडे बोट दाखवा. आठवायला लावून स्मरणशक्ती सुधारत नाही. उलट प्रत्येक चुकीच्या उत्तराने त्याच्या मनात चूकच पक्की होते आणि वर अपमान वाटतो तो वेगळाच.

आणि त्याला खरं काम द्या. घड्या घातलेले कपडे मोडून परत घालायला लावणं हे काम नव्हे, हे मोठ्या माणसाला लगेच कळतं. झाडांना पाणी घालणं, आलेली बिलं तारखेप्रमाणे लावणं, धाकट्यांना एखादा खेळ शिकवणं: ज्याच्यावाचून घराचं थोडंतरी अडेल असं काहीतरी हवं. उदासीवर यापेक्षा सरळ उपाय मला तरी दिसलेला नाही.

पायरी ५: भडका उडालाच तर

त्या क्षणी एकच ध्येय असतं: कुणाला लागू नये आणि ते लवकर संपावं. चूक-बरोबर ठरवायची ही वेळ नव्हे.

आवाज खाली आणा, वाक्यं लहान करा, समोर उभं न राहता बाजूला उभे राहा. दार अडवू नका. त्याला आणि तुम्हाला, दोघांनाही बाहेर पडायची वाट मोकळी हवी. इतरांना खोलीबाहेर काढा. हात लावून शांत करायचा मोह टाळा. पूर्वी पाठीवर हात ठेवला की तो निवळत असेल, आता तोच हात धक्क्यासारखा लागू शकतो.

नवरा ओरडतोय: 'माझे पैसे कुठे लपवलेत? सगळे चोर आहात!' यावर 'अहो, कोण चोर? तुमच्या उशाशीच तर आहेत, काल तुम्हीच ठेवलेत' हे उत्तर खरं असलं तरी आगीत तेल आहे. त्याऐवजी: 'पैसे सापडत नाहीयेत. खूप वैताग आलाय तुम्हाला. चला, दोघं मिळून बघू.' आणि बघायला लागा. खोटं काहीच बोललेलं नाही, फक्त वाद घातलेला नाही.

निवळल्यावर जाब विचारू नका. त्याला आठवत असेल तर तो आधीच शरमलेला असतो. आठवत नसेल तर तुम्ही त्याच्यावर न केलेल्या गुन्ह्याचा आरोप करताय. पहिल्या महायुद्धातल्या मेंदूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना कुर्ट गोल्डस्टाइन यांनी पाहिलं होतं की साधं वाटणारं काम आपल्याला जमत नाही हे लक्षात येताच माणूस एकदम कोसळतो, थरथरतो, उसळतो. अनेक भडक्यांच्या मुळाशी राग नसतोच, तर ही घाबरगुंडी असते. काम सोपं केलं की तो 'राग'ही जातो.

याचा अर्थ मार खात राहायचं असा नव्हे. हात उगारला जात असेल तर घरातल्या जड आणि धारदार वस्तू हलवा, कुणाला फोन करायचा ते आधी ठरवा, आणि डॉक्टरांना त्याच आठवड्यात सांगा. 'आजारी आहे म्हणून' ही सबब मुलांच्या अंगावर येऊ देऊ नका.

पायरी ६: 'मला काहीही झालेलं नाही' आणि त्यानंतरची उदासी

आपल्यात काही कमी झालंय हेच न कळणं, हे दुखापतीचं लक्षण असू शकतं. जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच मेंदुतज्ज्ञाने १९१४ मध्येच असे पेशंट वर्णन करून ठेवले आहेत, ज्यांना आपली लुळी बाजू लुळी आहे हेच पटत नव्हतं. तो खोटं बोलत नाही आणि हट्टही करत नाही.

वाद घालून हे पटत नाही. थोडं पटतं ते करून पाहण्याने: 'हा हिशेब किती वेळात होईल, किती चुका होतील?' हे त्यालाच लिहू द्या, मग करू द्या, मग त्यालाच ताडून पाहू द्या. तुम्ही गप्प. थेरपिस्ट हे पद्धतशीर करतात, घरी थोडंथोडं करता येतं. गाडी चालवायचा हट्ट मात्र यात बसवू नका. तिथे किल्ली नजरेआड, आणि नकार डॉक्टरांच्या तोंडून. 'डॉक्टरांनी तपासणी होईपर्यंत नको म्हटलंय' यात तुम्ही शत्रू ठरत नाही.

आता एक उलटी गोष्ट. जाणीव परत येऊ लागली की घरच्यांना आनंद होतो, आणि नेमका तेव्हाच पेशंट खचतो. काय गेलं ते त्याला आता दिसतं. त्यामुळे सहा-आठ महिन्यांनी आलेली उदासी म्हणजे तब्येत मागे गेली असं नाही, पण ती दुर्लक्ष करण्यासारखीही नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, डोक्याला मार लागून दाखल झालेल्या ५५९ जणांपैकी ५३ टक्के लोकांना पहिल्या वर्षात कधी ना कधी गंभीर नैराश्याने गाठलं होतं.

तीन गोष्टी एकमेकींत मिसळतात, त्या वेगळ्या ओळखा.

नैराश्यात माणूस दुःखी असतो, स्वतःला ओझं म्हणवतो, पूर्वी आवडायचं त्यात मन लागत नाही, झोप-भूक बिघडते.

निरिच्छपणात तो दुःखी नसतो. नुसता बसून असतो; उठवलं, हाताला धरून नेलं तर जातो, हसतोही, पण स्वतःहून काही सुरू करत नाही. घरचे याला आळस म्हणतात. इथे उपदेश वाया जातो, बाहेरून दिलेली सुरुवात कामी येते: गजर, हाक, पहिली पायरी आपण करून देणं.

तिसरं म्हणजे झटक्याने येणारं रडू किंवा हसू, जे आतल्या भावनेशी जुळत नाही. मयताच्या बातमीला तो हसतो आणि सगळे हादरतात. अशा वेळी 'काय झालं, का रडतोस?' विचारू नका, त्याने ते वाढतं. लक्ष दुसरीकडे वळवा, दीर्घ श्वास, बसण्याची जागा बदला. हे सतत होत असेल तर त्यावर औषधं आहेत आणि ती बऱ्यापैकी लागू पडतात. लोक वर्षानुवर्षं लाजेने घराबाहेर पडत नाहीत, हे विनाकारण आहे.

पायरी ७: कुणाकडे जायचं

मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना दुखापतीचे कागद आणि सध्याच्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या. जखमी मेंदू औषधांना हळवा असतो. डोस कमी सुरू करून सावकाश वाढवतात. काही औषधांनी फिटचा धोका वाढतो, झोपेच्या आणि शांत करणाऱ्या काही गोळ्यांनी गोंधळ आणि पडण्याचं प्रमाण वाढतं. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी देऊ नका. दारू पूर्ण बंद. फिट, पडणं आणि ताबा सुटणं या तिन्हींना ती एकदम आमंत्रण देते.

समुपदेशन घ्यायचं तर मेंदूच्या दुखापतीचा अनुभव असलेल्याकडून, आणि लहान बैठकींत, मुद्दे कागदावर लिहून देणाऱ्याकडून. तासभर बोलून 'पुढच्या वेळी यावर विचार करून या' हे इथे चालत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट हे फक्त हाताचे आणि बोलण्याचे डॉक्टर नव्हेत. दिनक्रम आणि संवाद बसवून देण्यात त्यांची मोठी मदत होते.

पायरी ८: काळजी घेणारीची पाळी

'घेणारी' मुद्दाम लिहिलं. बहुतेक घरांत ती आई, बायको किंवा मुलगीच असते. बाकीचे 'मदत' करतात.

अमेरिकन कुटुंबतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकात अशा दुःखाचा अभ्यास केला, ज्यात माणूस समोर आहे पण पूर्वीचा तो राहिलेला नाही. या दुःखाला तेरावा नसतो. लोक 'वाचला हेच नशीब' म्हणतात, त्यामुळे रडायचीही चोरी होते. मग आपणच स्वतःला विचारतो, जिवंत माणसाचं दुःख करणारी मी कोण? तर त्याचं उत्तर असं की तुम्ही एक खरी गोष्ट गमावली आहे आणि जे उरलं त्यावर प्रेमही करताय. दोन्ही एकाच वेळी खरं असतं, एक निवडावं लागत नाही. कधीकधी 'त्याच वेळी गेला असता तर' हा विचारही मनात येतो. तो अनेकांना येतो, फक्त कुणी बोलत नाही. विचार आला म्हणून तुम्ही वाईट ठरत नाही.

आता व्यवस्था. एका कागदावर आठवड्यातली सगळी कामं लिहा, अगदी 'औषधं संपत आली का बघणं' आणि 'विम्याच्या ऑफिसला फोन' इथपर्यंत. प्रत्येकापुढे नाव लिहा. सगळीकडे एकच नाव आलं की तो कागद घरच्यांसमोर ठेवा. तुम्हाला तक्रार करावी लागणार नाही. 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्यांना कागदातलं एक काम नेमून द्या: 'दादा, दर गुरुवारी फिजिओला तू ने.' नेमकं मागितलं की लोक बहुधा करतात, मोघम मागितलं की विरघळतात.

त्यात तीन गोष्टी पक्क्या हव्यात. रात्रीच्या पाळ्या, म्हणजे आठवड्यात निदान दोन रात्री सलग झोप. आठवड्यात एक ठरलेला वेळ, जेव्हा तुम्ही घराबाहेर असाल आणि कुणी 'ही गोळी कुठे आहे?' म्हणून फोन करणार नाही. त्यासाठी फळ्याशेजारी एक पानी माहिती लावून ठेवा. आणि तुमची स्वतःची डॉक्टरांची भेट, जी त्याच्या भेटीपायी पुढे ढकलली जाणार नाही.

स्वतःचं मोजमाप हवं असेल तर झरित बर्डन इंटरव्ह्यू ही २२ प्रश्नांची यादी काळजी घेणाऱ्यांसाठीच आहे, आणि पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांतल्या मनःस्थितीबद्दल ९ प्रश्न असतात. पीएचक्यू-९ मध्ये १० किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांशी बोला. आकडा नको असेल तर एवढं पाहा: त्याला हिसका देऊन उठवावंसं वाटतंय का, जेवण उभ्यानेच होतंय का, मैत्रिणीचा फोन मुद्दाम उचलत नाही का. अंगातला राग हातात उतरतोय असं वाटलं तर त्याला सुरक्षित बसवून खोलीबाहेर जा आणि कागदावरच्या पहिल्या नावाला फोन लावा.

नवरा-बायकोच्या नात्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून थोडक्यात. ज्याला आंघोळ घातली त्याच्याच शेजारी रात्री बायको म्हणून झोपणं अवघड असतं. शक्य असेल तर अंगाची कामं काही प्रमाणात दुसऱ्याकडे द्या. लैंगिक इच्छा पार जाणं किंवा आवर न राहणं, दोन्ही दुखापतीमुळे होऊ शकतं आणि दोन्ही डॉक्टरांशी बोलण्यासारखं आहे. नको असेल तेव्हा नाही म्हणण्याचा हक्क तुमचा कायम आहे.

आई काळजी घेत असेल तर धोका वेगळा: पस्तिशीचा मुलगा पुन्हा पाच वर्षांचा होऊन बसतो. त्याला जे सावकाश का होईना जमतं, ते त्याच्यासाठी करू नका.

मुलांना खरं सांगा, लहान वाक्यात: 'बाबांच्या डोक्यातला राग आवरणारा भाग दुखावलाय. तू काही केलं नाहीस. ओरडले की तू आजीच्या खोलीत जायचं.' शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. मुलाला समजुतीइतकीच जागाही लागते.

पायरी ९: जीव धोक्यात असेल तर

डोक्याला मार लागलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे मोठ्या अभ्यासांतून दिसलं आहे. शिवाय आवर कमी झालेला असल्याने विचार आणि कृती यांतलं अंतरही कमी. 'मी नसतो तर बरं' असं म्हटलं तर सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतो का? कसा, ते ठरवलंय का?' विचारल्याने कल्पना डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. औषधांचा साठा कुलपात ठेवा आणि लागतील तेवढ्याच गोळ्या बाहेर काढा. एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर किंवा तुमच्या भागातली आपत्कालीन सेवा गाठा. काळजी घेणारीने असं म्हटलं तरी हेच सगळं, तितक्याच तातडीने.

पायरी १०: फॉलो-अपला जाताना

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत भरभर दिसते, मग सावकाश होते, पण दोन वर्षांनंतरही थांबतेच असं नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी वहीतली जुनी पानं आणि नवी पानं शेजारी ठेवून पाहा आणि दिनक्रमातली एखादी मदत कमी करता येते का ते तपासा.

डॉक्टर विचारतील, 'कसं काय चाललंय?' आणि पेशंट म्हणेल, 'एकदम मस्त.' त्याच्यासमोर तुम्ही 'नाही हो डॉक्टर' म्हटलं तर घरी परतताना भांडण ठरलेलं. म्हणून वहीतून काढलेली एक पानी चिठ्ठी रिसेप्शनवर आधीच द्या: महिन्यात किती भडके, कुठल्या वेळी, झोप किती तास, कुठलं औषध कधी बदललं. खाली तुमच्याविषयी दोन ओळी लिहा आणि एक विनंती, की पाच मिनिटं मला एकटीशी बोलायचं आहे.